नायट्रोजन ऑक्साइडांचे विद्युत् रासायनिक परिवर्तन

भट्ट्या, बाष्पित्रे, अंतर्ज्वलन एंजिने आणि नायट्रिक अम्लाचे कारखाने यांतून बाहेर पडणाऱ्या वायूंत नायट्रोजनाची ऑक्साइडे असतात. विद्युत् घटात या ऑक्साइडांचे क्षपण (येथे, इलेक्ट्रॉन मिळून ऑक्सिजन निघून जाण्याची क्रिया) किंवा ऑक्सिडीभवन घडवून आणून त्यांपासून अमोनिया, हायड्रॉक्सिल अमाइन, अमोनियम नायट्रेट इ. उपयुक्त संयुगे मिळविण्याच्या प्रक्रियांचा समावेश या संज्ञेत होतो. प्रदूषक वायूचा नाश न करता त्यातील नायट्रोजन वापरण्याजोग्या रूपात परत मिळविणे, हा या प्रक्रियांचा हेतू आहे. प्रयोगशाळेत त्या यशस्वी झाल्या असल्या, तरी मोठ्या प्रमाणावरील औद्योगिक वापर अद्याप सुरू झालेला नाही.

वातावरणाचा सु. ७८ टक्के भाग (घनफळाने) नायट्रोजन वायूचा आहे. परंतु त्याच्या रेणूतील दोन अणू त्रिबंधाने इतके घट्ट बांधलेले असतात की, हा बंध तोडण्यास दर ग्रॅम-रेणूस सु. ९४५ किलोजूल ऊर्जा लागते. त्यामुळे वनस्पतींना हा साठा प्रत्यक्ष वापरता येत नाही. खतांसाठी लागणारा बद्ध नायट्रोजन माणसाला मुख्यतः हाबर-बॉश पद्धतीने ४००° ते ५००° से. तापमान आणि शंभराहून अधिक वातावरण दाब वापरून मिळवावा लागतो. जगातील अमोनियाचे वार्षिक उत्पादन सु. १८ कोटी टन असून त्यासाठी जगाच्या एकूण ऊर्जावापरापैकी १ ते २ टक्के ऊर्जा खर्ची पडते. याउलट, मानवी व्यवहारांमुळे दरवर्षी सु. ३ ते ४ कोटी टन नायट्रोजन ऑक्साइडांच्या रूपाने हवेत सोडला जातो. हा नायट्रोजनही बद्धच असतो. त्याचा त्रिबंध ज्वाळेच्या उष्णतेने आधीच तुटलेला असतो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा इंधनातून आधीच खर्च झालेली असते. प्रस्तुत विषयाचे सर्व आकर्षण या एका गोष्टीत आहे.

ऑक्साइडांची निर्मिती व उपद्रव : सु. १,३००° से. च्या वरील तापमानाला हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग लक्षणीय वेगाने होऊ लागतो. या विक्रियेची यंत्रणा रशियन भौतिकीविज्ञ याकॉव्ह झेल्डोविच यांनी १९४० च्या दशकात स्पष्ट केली. दगडी कोळशासारख्या इंधनातील संयुगांत मुळातच असलेल्या नायट्रोजनापासूनही ही ऑक्साइडे बनतात. धुराड्यातील वायूत त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग नायट्रिक ऑक्साइडाचा असतो. तो रंगहीन असून पाण्यात फारच थोडा विरघळतो. हवेत गेल्यावर त्याचे ऑक्सिडीभवन होऊन तांबूस रंगाचा नायट्रोजन डाय-ऑक्साइड तयार होतो. नायट्रिक अम्लाच्या जुन्या कारखान्यांच्या धुराड्यांवर दिसणारा तांबूस-पिवळा पट्टा याच वायूचा असे. हा वायू फुप्फुसांना अपायकारक आहे. सूर्यप्रकाशात हायड्रोकार्बनांच्या सान्निध्यात त्याच्यापासून जमिनीलगत ओझोन निर्माण होतो. लॉस अँजेल्स शहरावरील धुरक्याचे हे कारण आरी हाखेन-स्मित यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. अम्लवर्षणातील नायट्रिक अम्लाचा उगमही याच ऑक्साइडांत आहे. नायट्रस ऑक्साइड हे तिसरे ऑक्साइड विषारी नाही. मात्र ते वातावरणात शंभराहून अधिक वर्षे टिकते व शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २७३ पट तापनक्षमता दाखविते. पुढे वर्णिलेल्या घटांत ते नको असलेला दुय्यम पदार्थ म्हणून निर्माण होऊ शकते, म्हणून त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे.

पूर्वपीठिका : आज प्रदूषक ठरलेला हाच वायू एकेकाळी मुद्दाम तयार करीत असत. विद्युत् ठिणगीने हवेतील दोन्ही वायूंचा संयोग होऊन नायट्रिक अम्ल मिळते, हे हेन्‍री कॅव्हेंडिश यांनी १७८५ च्या सुमारास दाखविले होते. या तत्त्वावर नॉर्वेमध्ये क्रिस्टियान बिर्केलान व साम आयडे यांनी १९०३ मध्ये विद्युत् प्रज्योतीची पद्धत बसविली आणि १९०५ मध्ये नोटोडेन येथे कारखाना सुरू झाला. चुंबकीय क्षेत्राने तबकडीसारख्या पसरविलेल्या प्रज्योतीतून हवा जाऊ देत, बाहेर येणारे वायू पाण्यात शोषून नायट्रिक अम्ल मिळवीत आणि चुनखडीबरोबर त्याची विक्रिया करून कॅल्शियम नायट्रेट हे खत तयार करीत. प्रज्योतीतून येणाऱ्या वायूत नायट्रिक ऑक्साइडाचे प्रमाण १ ते २ टक्क्यांच्या आसपास असे. नॉर्वेत धबधब्यांची वीज अत्यंत स्वस्त होती म्हणूनच हे परवडले. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे हाबर-बॉश पद्धतीचा कारखाना सुरू झाल्यावर ही ऊर्जाखाऊ पद्धत हळूहळू मागे पडली.

त्यानंतर ऑक्साइडांकडे केवळ उपद्रव म्हणून पाहिले जाऊ लागले. सध्या प्रचलित असलेल्या निवडक उत्प्रेरकी क्षपण पद्धतीत धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूत अमोनिया किंवा यूरियाचा विद्राव फवारतात व ३००° ते ४००° से. तापमानाला हे मिश्रण व्हॅनेडियम व टिटॅनियम यांच्या ऑक्साइडांच्या उत्प्रेरकावरून नेतात. त्यामुळे ऑक्साइडांचे रूपांतर नायट्रोजन व पाणी यांत होते. १९७० च्या दशकात जपानमध्ये या पद्धतीचा औद्योगिक वापर सुरू झाला. ती खात्रीची आहे व तिने शहरांची हवा सुधारली आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यात नायट्रिक ऑक्साइडाच्या प्रत्येक रेणूमागे अमोनियाचा जवळजवळ एक रेणू खर्च होतो. म्हणजे प्रचंड ऊर्जा वेचून बद्ध केलेला नायट्रोजन दुसऱ्या बद्ध नायट्रोजनाला मुक्त करण्यासाठी वापरला जातो आणि दोन्ही हवेत परततात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा व्यवहार दुहेरी तोट्याचा आहे.

तत्त्व : घटाच्या ऋणाग्रावर नायट्रिक ऑक्साइडाच्या रेणूला पाच इलेक्ट्रॉन व विद्रावातील पुरेसे प्रोटॉन मिळाले म्हणजे अमोनिया (अम्लीय विद्रावात अमोनियम आयन) व पाणी तयार होते. या विक्रियेचे प्रमाणित अग्र वर्चस् (हायड्रोजन अग्राच्या तुलनेत मोजलेली विद्युत् पातळी) अम्लीय विद्रावात सु. ०·८४ व्होल्ट आहे. हायड्रोजन वायू निघण्याचे वर्चस् व्याख्येनुसार शून्य आहे, तर नायट्रोजन वायूपासून अमोनियम आयन मिळण्याचे सु. ०·२७ व्होल्ट आहे. यावरून नायट्रिक ऑक्साइडाचे क्षपण स्वभावतःच अधिक अनुकूल आहे, हे उघड होते. शिवाय त्यातील नायट्रोजन-ऑक्सिजन बंध सु. ६३० किलोजूलचा, म्हणजे नायट्रोजनाच्या त्रिबंधापेक्षा बराच दुबळा असतो आणि त्यात एक अयुग्मित इलेक्ट्रॉन असल्याने हा रेणू धातूच्या पृष्ठभागाला सहज चिकटतो.

मात्र पाच इलेक्ट्रॉन एकदम मिळत नाहीत. एका इलेक्ट्रॉनापाशी विक्रिया थांबली, तर नायट्रस ऑक्साइड मिळते. दोनांपाशी नायट्रोजन वायू, तिनांपाशी हायड्रॉक्सिल अमाइन व पाचांपाशी अमोनिया. पृष्ठभागावर नायट्रिक ऑक्साइडाची दाटी असेल, तर दोन नायट्रोजन अणू एकमेकांशी जोडले जाऊन नायट्रस ऑक्साइड बनण्याचा कल असतो. रेणू विरळ असतील व प्रोटॉनांचा पुरवठा मुबलक असेल, तर प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे अमोनियापर्यंत पोहोचतो. प्लॅटिनमाच्या अग्रावर सु. ०·४ व्होल्टच्या वर मुख्यतः नायट्रस ऑक्साइड व त्याखाली अमोनिया आणि हायड्रॉक्सिल अमाइन मिळतात. ऋणाग्राचा धातू, त्यावरील विद्युत् दाब व विद्रावाचे पीएच मूल्य या तीन गोष्टींनी कोणता पदार्थ मिळणार ते ठरते. अमोनियासाठी तांबे आजवर सर्वांत सरस ठरले आहे. त्यावर नायट्रिक ऑक्साइड पुरेसे घट्ट बसते, पण हायड्रोजन वायू सहजपणे निघत नाही. चीनमधील डाल्यान येथील संशोधकांनी २०२० मध्ये तांब्याच्या फेसासारख्या सच्छिद्र अग्रावर शुद्ध नायट्रिक ऑक्साइड वापरून घटातून गेलेल्या विद्युत् भारापैकी ९० टक्क्यांहून अधिक भार अमोनियाकडे वळविता येतो, असे दाखविले.

विरलतेची अडचण : असे आकडे शुद्ध वायूचे असतात आणि येथेच या विषयाची खरी कसोटी लागते. २५° से. तापमान व १ वातावरण दाब असताना एक लिटर पाण्यात शुद्ध नायट्रिक ऑक्साइडाचे सु. १·९ मिलिमोल विरघळतात. अग्राला लागून असलेल्या सु. ०·१ मिमी. जाडीच्या स्थिर थरातून तेवढेच रेणू विसरणाने आत येऊ शकतात, असे धरून हिशोब केला, तर दर चौ. सेंमी. ला फार तर २ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. धुराड्यातील वायूत नायट्रिक ऑक्साइड दशलक्ष भागांत ५०० भाग एवढेच असेल, तर ही मर्यादा आणखी दोन हजार पटींनी खाली येते व प्रवाह एका मायक्रोअँपिअरवर उतरतो. औद्योगिक घटाला दर चौ. सेंमी. ला निदान १०० मिलिअँपिअर हवे असतात. केवळ वायूचे बुडबुडे विद्रावातून सोडून हे साधणार नाही, हे सांगण्यास अधिक प्रयोगांची गरज नाही.

दुसरी अडचण ऑक्सिजनाची. बाष्पित्रातून येणाऱ्या वायूत ३ ते ६ टक्के ऑक्सिजन असतो व त्याचे क्षपण १·२३ व्होल्टला, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडाच्याही आधी होऊ शकते. ५ टक्के ऑक्सिजन असलेल्या वायूच्या सान्निध्यातील पाण्यात नायट्रिक ऑक्साइडाच्या सु. साठपट ऑक्सिजन विरघळलेला असतो. त्यामुळे साध्या घटात बहुतेक वीज ऑक्सिजनाचे पाणी करण्यातच वाया जाते. याशिवाय सल्फर डाय-ऑक्साइडामुळे उत्प्रेरक निकामी होतात आणि उडती राख सच्छिद्र अग्रांची छिद्रे बुजविते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असल्याने आपल्याकडे ही शेवटची बाब गौण मानता येत नाही.

उपाय : यांवर तीन मार्ग काढण्यात आले आहेत. पहिला वायुविसरण अग्राचा. यात जलरोधक सच्छिद्र कार्बनाच्या पटलाच्या एका बाजूने वायू व दुसऱ्या बाजूने विद्युत् विच्छेद्य (आयनांच्या रूपाने विद्युत् प्रवाह वाहून नेणारा विद्राव) असतो व उत्प्रेरक या दोहोंच्या सीमेवर बसविलेला असतो. विसरणाचा थर अतिशय पातळ झाल्याने प्रवाह अनेक पटींनी वाढतो. ऑक्सिजनाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही.

दुसरा मार्ग नायट्रिक ऑक्साइडाला आधी विद्रावात पकडून ठेवण्याचा. फेरस लोह व एथिलीन डायअमाइन टेट्राॲसिटिक अम्ल यांचे जटिल संयुग पाण्यात असेल, तर ते नायट्रिक ऑक्साइडाशी त्वरेने बद्ध होते व विद्रावातील त्याचे प्रमाण पुष्कळ वाढते. मग हा विद्राव घटात नेऊन अमोनिया करता येतो व लोह पुन्हा शोषणास मोकळे होते. वायूतील ऑक्सिजनाने फेरस लोहाचे फेरिक होते व फेरिक लोह नायट्रिक ऑक्साइड धरीत नाही, हा यातील दोष होय. सुदैवाने तेच ऋणाग्र फेरिकाचे पुन्हा फेरस करते, त्यासाठी वीज मात्र जादा लागते.

तिसरा व कदाचित सर्वांत व्यवहार्य मार्ग म्हणजे वायूचे अंशतः ऑक्सिडीभवन करून तो अल्कधर्मी विद्रावात शोषणे. नायट्रिक ऑक्साइड व नायट्रोजन डाय-ऑक्साइड समप्रमाणात असले, तर त्यांपासून नायट्राइट लवण सहज मिळते. नायट्राइट व नायट्रेट पाण्यात विपुल विरघळत असल्याने विरलतेची अडचण राहत नाही आणि ऑक्सिजनही घटाबाहेर राहतो. त्यांचे तांब्याच्या अग्रावरील क्षपण चांगले परिचित आहे. किंमत मोजावी लागते ती विजेच्या रूपाने : नायट्रेटापासून अमोनिया मिळविण्यास पाचऐवजी आठ इलेक्ट्रॉन लागतात.

घन विद्युत् विच्छेद्याचा वापर ही वेगळी शाखा आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत पंचरत्नम, हगिन्स व मेसन यांनी तप्त झिर्कोनियातून विद्युत् प्रवाहाने ऑक्सिजन आयन ओढून काढून नायट्रिक ऑक्साइडाचे अपघटन केले. येथे मिळतो तो नायट्रोजन वायूच. म्हणून प्रदूषण निवारणास ही रीत उपयोगी असली, तरी बद्ध नायट्रोजन हाती लागत नाही.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील लँगर व पेट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेले काम विशेष लक्षवेधी आहे. त्यांनी ऋणाग्रावर नायट्रिक ऑक्साइड व दुसऱ्या अग्रावर हायड्रोजन देऊन इंधन घटासारखी रचना केली. विक्रिया स्वयंस्फूर्त असल्याने वीज पुरवावी न लागता उलट थोडी वीज मिळाली आणि अमोनियाबरोबर हायड्रॉक्सिल अमाइन तयार झाले. हायड्रॉक्सिल अमाइन अमोनियापेक्षा बरेच महाग असून नायलॉन-६ च्या निर्मितीतील कॅप्रोलॅक्टॅमासाठी लागते. नायट्रिक ऑक्साइडाचे प्लॅटिनमाच्या सान्निध्यात हायड्रोजनाने क्षपण करून ते बनविण्याची रीत उद्योगात रूढ आहेच.

अमोनियम नायट्रेट : बहुतेक घटांत धनाग्रावर पाण्यापासून ऑक्सिजन सोडला जातो. त्याला बाजारात फारसे मोल नाही, पण विजेचा मोठा भाग मात्र तेथेच खर्च होतो. त्याऐवजी धनाग्रावरही नायट्रिक ऑक्साइड दिल्यास त्याचे नायट्रिक अम्ल होते (वर्चस् सु. ०·९६ व्होल्ट). अशा घटात ऋणाग्रावर तीन व धनाग्रावर पाच रेणू खर्च होतात. एकूण आठ रेणू व पाण्याचे सात रेणू यांपासून अमोनियम नायट्रेटाचे तीन व नायट्रिक अम्लाचे दोन रेणू मिळतात. दोन्ही वर्चसांतील फरक केवळ ०·१२ व्होल्ट असल्याने सिद्धांततः या घटाला नाममात्र वीज पुरावी. अग्रांवरील विक्रियांच्या मंदपणामुळे प्रत्यक्षात एक व्होल्टहून अधिक दाब लावावा लागतो आणि उरलेले अम्ल उदासीन करण्यास बाहेरून अमोनिया द्यावा लागतो. तरीही प्रदूषक वायू व पाणी एवढ्यावरच थेट खत देणारी ही योजना रसायनदृष्ट्या अत्यंत सुबक आहे. हे खत निष्काळजीपणे साठविल्यास त्याचा भयंकर स्फोट होतो, याचे ताजे उदाहरण म्हणजे बेरूत बंदरातील ४ ऑगस्ट २०२० चा अपघात. तेथे या लवणाचा सु. २,७५० टन साठा होता.

व्याप्ती व खर्च : ५०० मेगॅवॉटच्या औष्णिक केंद्रातून ताशी २० लाख घ. मी. वायू बाहेर पडतो व त्याच्या प्रत्येक घ. मी. मध्ये ३०० मिग्रॅ. ऑक्साइडे (नायट्रोजन डाय-ऑक्साइड म्हणून मोजलेली) आहेत, असे मानू. ती सर्व अमोनियात बदलली, तर ताशी सु. २२० किग्रॅ., म्हणजे दिवसाला जेमतेम ५ टन अमोनिया मिळेल. हाबर-बॉश पद्धतीचा एक आधुनिक कारखाना दिवसाला १,५०० टनांहून अधिक अमोनिया देतो. हा हिशोब पाहता खतांची गरज या मार्गाने भागेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्याच केंद्राला उत्प्रेरकी पद्धतीसाठी मात्र ताशी साधारण तितकाच अमोनिया विकत घ्यावा लागतो. तो न घेता उलट तेवढा हाती येणे, हा फरक नगण्य म्हणता येणार नाही. त्यासाठी सु. १७·५ लाख अँपिअर प्रवाह व, दर चौ. सेंमी. ला १०० मिलिअँपिअर धरल्यास, सु. १,७५० चौ. मी. अग्रपृष्ठ लागेल. घटाचा दाब २ व्होल्ट असला, तर ३·५ मेगॅवॉट, म्हणजे केंद्राच्या उत्पादनाच्या पाऊण टक्क्याहून कमी वीज लागेल. प्रती किग्रॅ. अमोनियास ही वीज सु. १६ किलोवॉट तास होते. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कारखान्यात ८ ते ९ किलोवॉट तासांइतकी ऊर्जा पुरते. म्हणून हा अमोनिया केवळ विक्रीच्या मोलावर परवडणार नाही. प्रदूषण निवारणाचा वाचलेला खर्च हिशोबात धरला, तरच त्याचा विचार करता येतो.

भारतात डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांसाठी या ऑक्साइडांच्या मर्यादा प्रथमच ठरविण्यात आल्या. प्रत्येक प्रमाणित घ. मी. मध्ये जुन्या संचांसाठी ६०० मिग्रॅ., २००४ ते २०१६ या काळातील संचांसाठी ३०० मिग्रॅ. (ही पुढे ४५० करण्यात आली) व २०१७ पासूनच्या संचांसाठी १०० मिग्रॅ. अशा त्या होत्या. तथापि विद्युत् रासायनिक पद्धतीचा पहिला वापर औष्णिक केंद्रात होण्यापेक्षा नायट्रिक अम्लाच्या कारखान्यात होणे अधिक संभवनीय आहे. तेथील शेष वायू राख व गंधक यांपासून मुक्त असतो, ऑक्साइडांचे प्रमाण त्यात अधिक असू शकते आणि मिळालेला अमोनिया किंवा नायट्रेट तेथेच खपतो. महाराष्ट्रात तुर्भे व तळोजा येथे असे कारखाने आहेत.

संलग्न संशोधन : कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्राइट किंवा नायट्रेट यांचे एकाच अग्रावर एकत्र क्षपण करून थेट यूरिया मिळविता येतो, हे जपानमध्ये शिबाता, योशिदा व फुरुया यांनी १९९५ मध्ये दाखविले. धुराड्यातील दोन्ही वायू एकदम उपयोगात आणण्याची ही कल्पना असली, तरी यूरियाचे उत्पन्न अजून अल्पच आहे. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये हवेतून आयनद्रायूच्या साहाय्याने ऑक्साइडे मुद्दाम तयार करून तांब्याच्या सूक्ष्म तारांवर त्यांपासून अमोनिया मिळविण्यात आला. बिर्केलान यांची प्रज्योत या रूपाने पुन्हा प्रयोगशाळेत आली आहे.

या क्षेत्रात मापनाची दक्षता फार लागते. नायट्रोजन वायूपासून सामान्य तापमानाला अमोनिया मिळाल्याचे अनेक दावे पूर्वी करण्यात आले होते. वापरलेल्या वायूत लेशमात्र असलेल्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून किंवा प्रयोगशाळेच्या हवेतूनच असा अमोनिया आलेला असू शकतो, हे २०१९ मध्ये डेन्मार्कमधील व अन्य संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हापासून नायट्रोजनाचा १५ अणुभाराचा समस्थानिक वापरून अमोनियाचा उगम पडताळून पाहणे आवश्यक मानतात. ऑक्साइडांच्या बाबतीत अमोनियाची राशी मोठी असल्याने ही शंका कमी उद्‌भवते. परंतु घटातून सुटणारे नायट्रस ऑक्साइड मोजल्याशिवाय कोणत्याही प्रक्रियेला प्रदूषण निवारक म्हणता येत नाही आणि प्रसिद्ध झालेल्या पुष्कळ निबंधांत हे मापन आढळत नाही.